वाटणीतला फोन

"आता काय लिवलंय त्येच्यावर?" झुंबरबाईने दारातूनच विचारलं.

"नो कॅरिअर," धवल म्हणाला. "म्हणजे लाईन तुटली, आजी."

"मगाशी बी हेच लिवलं हुतं."

"हो."

"मग इतका येळ तुमी केलं काय?"

धवलने एक तार काढून पुन्हा खोचली. पुण्याच्या कंपनीचा तो इंजिनिअर, दुपारी जीपमधून यंत्र घेऊन आला होता आणि तेव्हापासून माजघरातल्या टेबलापुढे पाठ वाकवून बसला होता. टेबलावर टीव्हीच्या दुप्पट जाडीचा पडदा, खाली चपटी पेटी, आणि बाजूला पानाच्या डब्याएवढा काळा मोडेम, अंगावर लाल दिव्यांची ओळ मिरवत. मोडेमची एक तार यंत्रात गेलेली, दुसरी भिंतीवरच्या फोनच्या डबीत. हा साधा कॉम्प्युटर नव्हे, युनिक्सचं वर्कस्टेशन आहे, असं माधवीने सासूला बजावून सांगितलं होतं. झुंबरबाईला दोन्ही सारखीच परकी. पण दुपारपासून आळीत ज्याने विचारलं त्याला "साधं न्हवं ते" एवढं तिने न विसरता सांगितलं होतं.

माधवी धवलच्या मागे उभी होती. तिचा नवरा, झुंबरबाईचा लेक केशव, चाकणच्या रस्त्यावर अपघातात गेला त्याला दोन वर्षं झाली होती. ही लोणावळ्याची शिकलेली पोरगी आता माहेरी जाणार, असं सगळ्या वाडीने ठरवून टाकलं होतं. ती गेली नाही. पुण्यात एका कंपनीत कागदावरचे नकाशे कॉम्प्युटरवर उतरवायचं काम करत राहिली. पहाटे वाडीतून निघायची, दिवेलागण उलटल्यावर परतायची, आणि तिचा पोरगा समर्थ आजीच्या ताटातलं जेवून आजीच्या कुशीत निजायचा. आता कंपनीला मोठं काम मिळालं होतं. माधवीच्या वरिष्ठ प्रमोदिनीबाईंनी दोनच वाटा ठेवल्या होत्या. यंत्र घरी नेऊन काम करायचं आणि रोज संध्याकाळी फोनवरून पुण्याला धाडायचं, नाहीतर पोराला घेऊन पुण्यातच खोली करायची. आज चाचणीचा नकाशा पोचला तर यंत्र इथे राहणार, नाही पोचला तर जीप त्याला परत नेणार.

झुंबरबाई दुसरी इयत्ता अर्धी शिकलेली. पण एवढं तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या काळ्या डब्यावरचे दिवे लागले तर नातू घरात, नाहीतर घरात ती आणि म्हैस.

दुपारचा निम्मा वेळ वेगळ्याच घोळात गेला होता. मोडेम शहरी पद्धतीने सूर काढून नंबर लावत होता आणि इथल्या जुन्या एक्स्चेंजला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. शेवटी धवलने कमांडमधलं एक अक्षर बदललं. तेव्हा मोडेम जुन्या चकतीच्या फोनसारखा टकटक करत नंबर फिरवायला लागला आणि पुण्याहून उत्तर आलं. शिट्टी, खरखर, पुन्हा शिट्टी. पडद्यावर 'कनेक्ट' उमटलं. माधवीने सासूचं मनगट घट्ट धरलं. मग पडद्यावर वेडीवाकडी अक्षरं सांडली, कुठल्याच भाषेतली नव्हेत अशी, जणू कुणी तांदळात खडे ओतावेत. आणि खाली 'नो कॅरिअर'.

तेव्हापासून हाच खेळ. लागायचं, अक्षरं सांडायची, तुटायचं.

"एकदा नीट ऐकू दे," असं म्हणून धवलने पुन्हा नंबर लावला, आणि तुटल्याबरोबर फोनचा रिसीव्हर उचलून कानाला लावला. त्याच्या कपाळावर आठी पडली. "लाईनवर कुणीतरी आहे. आत्ता ठेवला."

झुंबरबाईने एक हात कमरेवर घेतला.

"रखमाजी," ती म्हणाली. "दुसरं कोन असनार? माझा दीर. भिंतीपलीकडं ऱ्हातो, न् कान माझ्या घरात ठेवतो."

धवलला काही कळेना. माधवीने सांगितलं. वाटणी झाली तेव्हा दोन्ही भावांनी जमीन वाटली, भांडी वाटली, मधे भिंत घातली. फोन मात्र दोघांनी मिळून घेतलेला. तो कसा चिरायचा? पंचांनी निवाडा दिला, विहीर पाळीने आणि फोन सामाईक. एकाच लाईनवर दोन घरांत दोन फोन. सासरे वारले, तरी व्यवस्था तीच चालू होती. आणि बोलणं बंद.

"अरे देवा," धवल म्हणाला. "आधी सांगायचं ना. अहो, आपण इकडून नंबर फिरवला की पलीकडच्या फोनची घंटा हलकीशी किणकिणते. जुने फोन असेच असतात. ते किणकिण ऐकून उचलतात, आणि उचलला की आपलं तुटतं."

"किनकिनली म्हनून उचलायची? वाजली तर उचलावी मानसानं."

खरं तर रखमाजीने नंबर फिरवला की झुंबरबाईचाही फोन किणकिणायचा आणि तीही उचलायची. पण ते वेगळं. ती कोण बोलतंय एवढंच पाहायची.

"तार कुठून जाते त्यांची?"

"माझ्याच भिंतीवरनं. खिळे बी माझेच हायेत."

धवल बाहेर जाऊन पाहून आला. पडवीत, वळचणीखाली जोड होता. "एवढा जोड सोडवला की झालं, दोन मिनिटांचं काम," असं म्हणत त्याने पिशवीतून पक्कड काढली. "पुण्यात मोडेम एकच आहे, सगळ्यांना वेळा बांधून दिल्यात. तुमची सात ते साडेआठ. रोज तेवढा वेळ लाईन मोकळी हवी. मध्ये कुणी उचलून चालणार नाही."

"नवीन फोन घेतला तर?" माधवीने विचारलं.

"अर्ज टाका. तुमचा नंबर यादीत लागेपर्यंत मुलगा मॅट्रिक होईल."

माधवीने सासूकडे पाहिलं. मग तिचे डोळे पक्कडीवर गेले. एवढी वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली त्याची तार, आणि ती तोडायला घरात आयता माणूस. झुंबरबाईलाही क्षणभर हाताला खाज सुटली.

"थांबा," ती म्हणाली. "चोरून तोडली तर माझ्यात न् त्याच्यात फरक काय ऱ्हायला? त्येच्या तोंडावर सांगून येते. मग तोडा."

"आत्या, ते भांडतील. आणि सात वाजत आलेत."

"भांडू दे. माझं तोंड काय कुनी गहान ठेवलंय?"

घरं पाठीला पाठ लावून असली तरी रखमाजीचं दार पलीकडच्या आळीत उघडत होतं. भैरोबाच्या देवळाला वळसा घालून जावं लागे आणि सगळी आळी बघत असे. झुंबरबाईने पदर खोचला आणि निघाली. देवळाच्या पायरीवर नंदाबाई भाताच्या रोपांच्या जुड्या बांधत बसली होती.

"काय झुंबराक्का, आज हिकडं? वाट चुकला जनू."

"वाट माझ्या सासऱ्यानं पाडलीया. तुजं पुरं कर, जुड्या सैल बांधतीस."

रखमाजीचं दार उघडंच होतं. काय बोलायचं ते तिने चालता चालता जुळवून ठेवलं होतं, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शिवीपर्यंत. उंबऱ्याशी आली आणि थबकली.

खोलीच्या मधोमध लाकडी खुर्ची होती. खुर्चीवर फोन. आणि खुर्चीपुढे जमिनीवर, गुडघे पसरून, रखमाजी. म्हातारा झाला होता. भिंतीपलीकडून माणूस किती म्हातारा झाला ते कळत नाही. दाढी वाढलेली, डोळे लाल. कोपऱ्यात तिची जाऊ हिरा टीव्हीचा आवाज बंद करून नुसती चित्रं बघत होती. पडद्यावर बर्फाचे डोंगर, तोफा, कारगिल.

हिरानेच आधी पाहिलं. ती उठून उभी राहिली.

"वहिनी," रखमाजी म्हणाला. एवढ्या वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून सहज निघाला, कारण त्याचं लक्ष दुसरीकडेच होतं. "तुमच्याकडं बी फोन असाच वाजतुया का?"

"कसा?"

"जरा किनकिनतो. उठून जाईस्तवर गुडघं ऐकत न्हाईत. म्हनून आता हितंच बसलोय. उचलावं तर आतनं नुसतं चिरकतंय, कुनी लांबनं वरडल्यागत. मी म्हनतो, बजरंग, बोल बाबा, मी आबा बोलतोय. मोठ्यानं म्हनतो. की लगीच बंद."

"दुपारपासनं ह्येच चाललंय," हिरा म्हणाली. "तो तितं वर हाय, डोंगरात. लढाई सुरू झाल्यापासनं आवाज न्हाई त्येचा. त्येच्या दोस्तानं निरोप धाडला, सांच्याला पाळी लागती फोनाची, सातनंतर, लागला तर लागला. जेवलं बी न्हाईत हे."

झुंबरबाई उंबऱ्यातच उभी होती. पडद्यावर सांडलेली ती अक्षरं तिच्या डोळ्यांपुढे आली. नको त्या वेळी माणसाला काय काय आठवतं. बजरंग. तो अडीच वर्षांचा असताना हिराला टायफॉईड झाला होता, तेव्हा त्याला रात्रीचं मांडीवर थोपटलं होतं ते ह्याच हातांनी.

"तुमी काय कामाला आलता?" रखमाजीने विचारलं, आणि आता कुठे त्याला दोघांमधलं भांडण आठवलं असावं, कारण त्याने मान ताठ केली.

जुळवून आणलेला एकही शब्द झुंबरबाईला सापडेना.

"ह्येच इचारायला," ती म्हणाली. "लाईन खराब हाय का म्हनून. आमच्याकडं बी चिरकतंय."

"व्हय ना? मी मघाधरनं हिला तेच सांगतोय."

"मग जेवा की. ताट हितंच घेऊन बसा. फोन काय पळून जातोय?" आणि हिराकडे वळून, "तू बी गं, मानसाला उपाशी ठेवून टीव्ही बघतीस. चित्रात दिसनार हाय का तो?"

परत येताना नंदाबाई काहीतरी म्हणाली. झुंबरबाईने ऐकलं नाही, आणि नंदाबाईला त्याचंच जास्त नवल वाटलं.

धवल पडवीत पक्कड घेऊन शिडीवर चढलेला होता.

"उतरा," झुंबरबाई म्हणाली.

"नाही म्हणाले का?"

"त्येनला काय इचारायचं? मी न्हाई म्हनते. उतरा खाली."

माधवी बाहेर आली. तिचा चेहरा लाल झाला होता. "आत्या, तुमची भाऊबंदकी तुमच्यापाशी. माझं आणि समर्थचं काय? एक तार आहे फक्त."

"बजरंगचा फोन यायचाय त्येंच्याकडं. सातच्या पुढं. हे जे चिरकतं ना, त्यात म्हातारा लेकाच्या नावानं हाका मारतोय दुपारपासनं."

माधवीने भिंतीवरच्या तारेकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "पण रोज थोडाच येणार आहे? दीड तास तर लाईन हवी. बाकी सगळा दिवस मोकळीच आहे."

"बरं. मग तो दीड तास सोडून फोन कर, हे बजरंगला कोन कळवनार? तू का मी?"

पडवीतला दिवा लावायचा राहिला होता. दोन वर्षांपूर्वी केशवची बातमी आली ती ह्याच लाईनवर. माधवीने फोन उचलला होता तेव्हा पलीकडेही उचलल्याचा आवाज झाला होता. तिच्या तोंडून शब्द फुटायच्या आधी पलीकडून कुणीतरी रडलं होतं. हे तिने सासूला कधी सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगितलं नाही. ती आत गेली आणि यंत्रापुढे बसली.

युनिक्सचं यंत्र नुसतं बटण दाबून बंद करत नाहीत. तिने कमांड दिली. यंत्राने एकेक काम आवरल्याच्या ओळी दाखवल्या, घरातली बाई झोपण्याआधी एकेक खोलीचा दिवा घालवत जाते तसं. मग पडदा काळा झाला.

"मी प्रमोदिनी मॅडमना काय सांगू?" धवलने विचारलं.

"लाईन चालत नाही म्हणा," माधवी म्हणाली. "सोमवारी येते, खोलीचं बघायला."

झुंबरबाई आतून घरातली सगळ्यात जाड गोधडी घेऊन आली. "ह्यात गुंडाळा. रस्ता कसलाय ठावं हाय न्हवं? फुटलं तर आमच्या नावानं बोंब मारतील पुण्यातली." मग माधवीकडे न पाहता, "शनवारी धाडत जा पोराला. न्हाई धाडलंस तर मी येऊन घिऊन जाईन. पुनं काय काशी हाय व्हय, मला न सापडायला?"

"धाडीन," माधवी म्हणाली. तिने सासूच्या हातातली गोधडी घेतली. दोघींनी मिळून ती पसरली, कोपरे जुळवले.

पडदा एकट्याने उचलण्यासारखा नव्हता. जीपचा ड्रायव्हर चहाला गेलेला. धवलने एक बाजू धरली. दुसरी धरायला झुंबरबाई वाकली, तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "सरका वहिनी, तुमच्यानं हुयाचं न्हाई."

रखमाजी होता. हातावरचं खरकटं अजून पुरतं वाळलं नव्हतं. देवळाला वळसा घालून, गुडघे ओढत आला होता. आळीत बातमी पोचायला काय लागतं? त्याने पडद्याखाली हात घातला आणि तो उचलला. दोघं ते ओझं तोलत जीपपाशी घेऊन गेले. त्याने ते आत नीट टेकवलं आणि गोधडीची कड आत खोचली.

"न्हाई चाललं काय?" त्याने विचारलं.

"न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "आपल्याकडची लाईन खराब हाय."

"हं. मला बी तसंच वाटलं." त्याने हात झटकले. "उद्या इंदुरीला फोनच्या हापिसात जाऊन तक्रार देतो. दोघांच्या बी नावानं देतो."

"द्या."

तो आणखी काहीतरी बोलणार होता. मग त्याने एकदम देवळाकडे पाहिलं.

"फोनपाशी हिरा एकलीच हाय, तिला नीट ऐकू येत न्हाई," असं म्हणून तो निघाला, जमेल तेवढ्या लगबगीने.

जीप सुरू झाली. झुंबरबाई रस्त्याच्या कडेला उभी राहून, देवळाआड जाईपर्यंत म्हाताऱ्याच्या पाठीकडे बघत राहिली. तो कुठे ठेचाळत तर नाही ना, एवढंच पाहत होती.