हात न लावायचा टचस्क्रीन

मित्रांनो, मी एक जुना टचस्क्रीन कॉम्प्युटर आहे. पडदा आणि यंत्र एकाच अंगात, म्हणून मला ऑल-इन-वन म्हणतात. बोटाचा हलकासा स्पर्शही ओळखायचा, हे मला कारखान्यातच शिकवलं गेलं. मग मी मुलुंडला सर्वेशच्या हॉलमध्ये आलो आणि माणसांविषयीचा माझा आदर संपला.

सर्वेशने मला मिरवण्यासाठी घेतलं होतं. पाहुणे आले की तो बोटाने फोटो लहानमोठे करी, एखादं फूल काढून दाखवी. ते गेले की काच पुसून घरच्यांना दटावी, "कोणी हात लावायचा नाही हां! डाग पडतात."

टचस्क्रीनला हात लावायचा नाही! काय ही अक्कल!

त्याचे वडील अंबादास पूर्वी आरे कॉलनीच्या रस्त्यावर बस चालवत. वर्षभरापूर्वी अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली, उजवा हातही गेला. त्यांची चाकाची खुर्ची माझ्याशेजारीच असे. सर्वेश त्यांच्यादेखत खुशाल सांगे, "बाबांना आता काही कळत नाही." ते ऐकून म्हाताऱ्याचे डोळे भरत. मला, निर्जीव काचेला, ते दिसे. पोटच्या मुलाला दिसत नसे.

एका रविवारी सर्वेशची बायको अनुपमा हिचा भाऊ चंद्रप्रकाश आला. सर्वेशने सवयीप्रमाणे माझ्यावर फूल काढून दाखवलं. चंद्रप्रकाश म्हणाला, "कर्जतच्या वृद्धाश्रमात जागा झालीय. उद्याच सोडू या यांना."

"सोडू ना. बाबांना काय, कुठेही नेलं तरी सारखंच."

तेवढ्यात अंबादासांचा डावा हात उठला. बोट काचेवर टेकलं आणि फुलाखाली वाकडीतिकडी अक्षरं उमटू लागली. मी एकही रेघ सोडली नाही.

'कळतं.'

आणि सर्वेशने काय करावं? फडकं घेऊन काच पुसायला धावला!

अनुपमाने फडकं हिसकावलं. "अरे, डाग नाहीये तो! वाच ना!"

त्याने वाचलं. चंद्रप्रकाश चपला शोधू लागला. बोट पुन्हा हललं : 'मी जाणार नाही.'

सर्वेश बाबांच्या पायाशी बसून रडला. रडू दे. मला त्याची दया आली नाही.

वृद्धाश्रमाचा बेत बारगळला. आता मी अंबादासांचा आहे, अंगभर त्यांच्या बोटांचे ठसे मिरवतो. मित्रांनो, महागडी यंत्रं खुशाल घ्या; पण घरातल्या गप्प माणसाला आधी काहीतरी विचारा.

त्या रविवारच्या दुसऱ्या सकाळीच अनुपमाने विचारलं होतं, "बाबा, काय हवंय तुम्हाला?"

त्यांनी लिहिलं, 'चहात साखर नको.'

वर्षभर तो गोड चहा त्यांनी मुकाट्याने गिळला होता.