काचेतले मोजे

लॅबताई रक्ततपासणीच्या लॅबमधून निवृत्त झाल्या आणि घरी टकळीवर लोकर कातू लागल्या. पाठोपाठ पातेल्यांत रंग शिजायला लागले. कांद्याच्या सालींचा पिवळा, मंजिष्ठेचा लाल. नवरा चहा टाकण्याआधी पातेलं हुंगून बघायचा.

त्यांच्या मुलीचे सासरे घड्याळं दुरुस्त करत. घराच्या पुढच्या खोलीतच दुकान होतं. "दिवसभर बसून पायांचा नुसता बर्फ होतो," असं ते एकदा जेवताना म्हणाले, आणि लॅबताईंनी ते मनावर घेतलं. हिवाळाभर खपून त्यांनी व्याह्यांसाठी लाल मोजे विणले, त्यावर पिवळ्या पाखरांची रांग.

पुढच्या भेटीत मोजे दुकानाच्या भिंतीवर होते, काचेच्या चौकटीत.

"ही काय पायात घालायची वस्तू आहे?" व्याही म्हणाले.

"तुमचं आपलं काहीतरीच," म्हणत लॅबताईंनी ही गोष्ट शेजारपाजारी सगळ्यांना ऐकवली. व्याही चौकटीखाली पाय पोटाशी घेऊन काम करत राहिले.

शेवटी विहीणबाईंनीच लॅबताईंना स्वयंपाकघरात गाठलं. "रागावू नका हं. ते घालताना यांचा अंगठा आतल्या धाग्यांत अडकतो. पहिल्याच दिवशी दाराशी पडता पडता वाचले. तुम्हाला सांगायचं कसं, म्हणून चौकट केली."

लॅबताई तडक दुकानात गेल्या, चौकट उतरवली, व्याह्यांकडूनच पेचकस मागून ती उघडली आणि मोज्यात हात घातला. दोन बोटं अडकली. रंग बदलताना मागे सोडलेले धागे चांगले लोंबत होते. पाखरं मोजण्याच्या नादात त्यांनी उलटी बाजू पाहिलीच नव्हती.

"सांगायचं नाही का?"

"इतक्या हौसेनं आणलेत तुम्ही," व्याही घड्याळात डोकं घालून म्हणाले.

महिन्याभरात लॅबताईंनी साधे, बिनरंगी, करड्या लोकरीचे मोजे आणून दिले. व्याह्यांनी ते तिथेच चढवले आणि पाय पसरून बसले.

"आता ते परत चौकटीत घातलेले लाल द्या. आतले धागे शिवून आणते."

"राहू द्या हो. गिऱ्हाईकं आल्या आल्या त्यांचंच विचारतात. मी सांगतो, आमच्या विहीणबाईंनी विणलेत, घालायला जीव होत नाही."

ती शुद्ध थाप आहे हे लॅबताईंना आता पुरतं ठाऊक होतं. तरी त्या खुर्ची ओढून बसल्या.

"मग? काय म्हणतात गिऱ्हाईकं?"