महोत्सवाची मयत

सिनेमा महोत्सव रद्द झाल्याचं पत्र मास्तर यागोंनी टांगपोरे गावाच्या चौकात उभं राहून वाचून दाखवलं, तेव्हा तालातो, सगळ्यांची तांती म्हणजे मावशी, कांदे निवडत बसली होती. तिनं ते पत्र दोनदा वाचायला लावलं. मास्तर तिसऱ्यांदा घसा साफ करायला लागले, तसा तिनं हात आडवा केला.

"पुरे. पावसाळ्यानंतर तरी होईल का?"

"तसं काही लिहिलेलं नाही, तांती. साथ आहे. पन्नासाच्या वर माणसं गोळा करायची नाहीत."

तालातोनं पुढचा कांदा उचलला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं तर ती तालातो कसली!

गेल्या वर्षी राजधानीतून डेलवेंदे नावाची एक पोरगी कॅमेरा घेऊन आली होती. तिला सिनेमासाठी एक हट्टी म्हातारी हवी होती. तालातोला काही शिकवावं लागलं नाही. तो सिनेमा महोत्सवात पांढऱ्या पडद्यावर सगळ्या वस्तीपुढं लागायचा होता. आणि तो लागणं फार गरजेचं होतं, कारण तालातोची धाकटी सवत बिबाता वर्षभर रोज सकाळी नळावर एकच गोष्ट सांगत होती.

"थोरली कुठली त्यात? कापून टाकली तिला. तिची शेळी तेवढी ठेवलीय. चांगली दिसते म्हणे शेळी."

बायका हसायच्या. नवरा मरून नऊ वर्षं झाली, तरी दोघींचं भांडण त्यानं सोडलं होतं तिथंच उभं होतं. तालातो दर वेळी म्हणायची, "महोत्सव होऊ दे गं धाकटे, मग बोलू." आता महोत्सवच नाही म्हटल्यावर बोलणार काय? त्यात महोत्सवासाठी सिनेमा घेऊन आलेल्या आणि रस्ते बंद झाल्यानं गावात अडकून पडलेल्या डेलवेंदेला कांद्याच्या ट्रकमधून परत जायचा परवाना मिळाला होता. परवा ती जाणार, सिनेमा पिशवीत घालून नेणार, तिथून तो समुद्रापलीकडे जाणार. मग शेळीच खरी ठरणार.

दुपारी तालातो मास्तरांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मास्तर, त्या सरकारी कागदात लग्न चालतं का?"

"नाही."

"बारसं?"

"नाही."

"मयत?"

"मयत चालते. पन्नास माणसांत उरकायची."

"आपला महोत्सव किती वर्षांचा होता?"

"अकरा."

"अकरा वर्षांचं लेकरू गेलं, आणि त्याला माती द्यायची सोडून तुम्ही इथं पंख्याखाली बसलात? लाज आहे का काही?"

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. कागदात याच्याविरुद्ध काही लिहिलेलं नव्हतं. खरं सांगायचं तर त्यांनाही रडायला कारण हवंच होतं. अकरा वर्षं त्यांनीच तो महोत्सव वाढवला होता.

संध्याकाळी सातनंतर बाहेर पडायला बंदी, म्हणून मयत दुसऱ्या दिवशी भर दुपारी ठेवली. कापसाच्या गोदामात. त्याला खिडकी नाही, दार लावलं की आत मिट्ट काळोख. पडद्याची पांढरी चादर गुंडाळून चटईत बांधली आणि मधोमध आडवी ठेवली. तालातोनं पन्नास माणसं स्वतः निवडली. पहिलं बोलावणं बिबाताला.

"मला काय नडलंय?" बिबाता म्हणाली.

"घरातलीच बाई आली नाही तर लोक काय म्हणतील? पहिल्या रांगेत बसायचं. मयतीजवळ."

एप्रिलचं ऊन, पत्र्याचं छप्पर आणि सगळ्यांच्या तोंडाला फडकी. घाम एवढा येत होता की कोण रडतंय आणि कोण नुसतंच वितळतंय, ते कळत नव्हतं. मास्तर मात्र खरंच रडत होते. डेलवेंदे कोपऱ्यात सिनेमाच्या यंत्राच्या वायरी जोडत होती. बाहेर जनरेटर सुरू झाला आणि त्याच आवाजावर फौजदार पारे आत आला.

"काय चाललंय?"

"मयत," तालातो म्हणाली. "टोपी काढ."

पारेनं टोपी काढली. मग चटईकडे पाहिलं. "कोण?"

"महोत्सव."

"कशानं गेला?"

"साथीनं. कागद आला ना वरून. तुझ्याच सरकारचा."

"अहो तांती, ही चादर आहे!"

"मग? तू गेलास तर तुलाही चादरीतच बांधतील. कुत्र्याची मुंडकी खाणारा तू, तुला मयतीचं काय कळणार?"

गोदामात हशा पिकला. पारेलाही हसू फुटलं, कारण पारे सामो जमातीचा होता आणि तालातो मोसी जमातीची. सामोनं मोसीला आणि मोसीनं सामोला वाटेल ते बोलावं, रागवायचं मात्र कुणी नाही, ही पणजोबांच्या आधीपासूनची रीत. आणि मोसीच्या मयतीला सामोनं येऊन धिंगाणा घातला नाही, तर ती मयत अर्धी राहते. मेलेल्याची नक्कल करावी, वाट अडवावी, मागेल ते मिळेपर्यंत उठू नये, हा त्याचा हक्क. त्याला नाही म्हणता येत नाही.

आता पारेपुढं पेच आला. फौजदार म्हणून ही मयत बंद करावी, तर सामो म्हणून ती पुरी करणं भाग. त्यानं बंदूक भिंतीला टेकवली, पट्टा सैल केला आणि सरळ चटईवर जाऊन आडवा झाला.

"मी महोत्सव," त्यानं हात छातीवर घेतले. "मला उचलू नका. माझी अजून तीन भाषणं राहिलीत."

मास्तर रडता रडता हसले.

"बोल मुडद्या, काय हवंय?" तालातोनं विचारलं.

पारेनं झोपल्या झोपल्याच माणसं मोजली. दोनदा मोजली. "मला धरून एक्कावन्न होतात. मी गेलो तर मयत अर्धी. राहिलो तर कायदा मोडतो. मला एक मोसी कमी हवाय. कुठलाही चालेल, सगळे सारखेच कुचकामी."

मागणी हक्काची होती. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणी जमिनीकडे बघितलं. मास्तरांनी खांब घट्ट धरला.

बिबाता अंगावरचं कापड सावरत उठली. "मी जाते की. शेळी मी रोजच बघते."

"बस खाली!"

तालातो एवढ्यानं ओरडली की पारे चटईवर दचकला. तिनं पडद्याच्या जागेकडे एकदा पाहिलं. वर्षभर रोज झोपताना तिनं स्वतःला तिथं बघितलं होतं, भिंतीएवढी. मग डोक्याचं कापड नीट केलं आणि म्हणाली, "मी जाते. मला मी कशी दिसते ते ठाऊक आहे. हिला नाही."

ती बाहेर आली. मागून दार लागलं.

उन्हात एक उलटी उखळी होती, तिच्यावर बसली. आत चटई सुटल्याचा आवाज, मग चादर ताणून बांधल्याचा. आणि मग पत्र्यातून तिचाच आवाज आला, मोठा, खरखरीत, कुणाला तरी झोडपणारा. आत माणसं खदाखदा हसली. तालातो ताठ बसली. हे कुठलं वाक्य, कुठल्या दिवशीचं, सगळं तिला आठवत होतं.

अर्ध्या तासानं दार किलकिलं झालं आणि घामानं निथळत बिबाता बाहेर आली.

"जा आत. माझ्या जागेवर बस. पन्नासाचे पन्नास राहतील."

"बघितलीस?"

"बघितली."

"आहे ना मी?"

"सगळीकडे तूच आहेस. दुसऱ्या कुणाला जागाच ठेवली नाहीस." बिबातानं तोंडावरचं फडकं पिळलं. "जाड दिसतेस."

"पडदा मोठा आहे ना. नळावर असंच सांगशील?"

"सांगेन की. जा आता, उगीच भाव नको खाऊस."

तालातो उठली. दोन पावलं गेली आणि थांबली. "सिनेमा कुठवर आलाय? विहिरीचं झालं?"

"झालं. खाटेवर पडलीयस."

"अगं मग तू बाहेर काय करतेस? आता मी मरते! पळ आत. घरातली बाई तू, तू नाही रडायचं तर कुणी?"

तिनं बिबाताला खांद्याला धरून आत ढकललं आणि दार ओढून घेतलं.

थोड्या वेळानं आतून हुंदके आले. मग एकीनं सूर लावला, दुसरीनं उचलला, आणि सगळं गोदाम रडायला लागलं. त्यात बिबाताचा आवाज सगळ्यांत वर. मध्येच पारे फौजदाराचं खिंकाळल्यासारखं हसणं. त्याचं कामच ते. तालातो उखळीवर बसून एकेक आवाज ओळखत होती.

गाढवगाडीवरून कांद्याची पोती नेणारा एक परगावचा माणूस थांबला. त्यानं अदबीनं टोपी काढली.

"कोण गेलं, आई?"

"मी," तालातो म्हणाली.

तो माणूस तिच्याकडे बघतच राहिला. मग दाराकडे कान देऊन म्हणाला, "माणसं पुष्कळ दिसतात."

"पन्नास," तालातो म्हणाली. "त्याच्या वर सरकार देत नाही."