कामेनचे लुसैलमधले गोल

बुधवारी ज्याने गोल मारायचे होते, त्या खेळाडूला नेमका बुधवारीच ताप भरला. शफीकने फोनवर ही बातमी दिली तेव्हा पूर्णिमा दोह्यातल्या मुऐदर भागातल्या आपल्या घरी ओट्यापाशी उभी राहून चहा पीत होती. तिला ठसकाच लागला.

"म्हणजे आज गोल मारायला कोणीच नाही?"

"गोलकीपर आलाय," शफीक म्हणाला. "अडवणारा आहे, मारणारा नाही. अगं, बघ ना कोणी मिळतंय का. मी इथे दिवे लावून बसलोय."

पूर्णिमा मूळची नाशिकची. कतारमधल्या लुसैल शहरातल्या नव्या स्टेडियममधले पडदे, दिवे आणि आवाज ज्या कंपनीकडे होते तिथे ती इंजिनिअर होती, आणि दापोलीचा शफीक तिच्याच टीममधला आवाजाचा माणूस. वर्ल्ड कप आठ महिन्यांवर आला होता. गोल झाला रे झाला की पडद्यावर खेळाडूचं नाव झळकायला हवं, आकडा बदलायला हवा, दिवे नाचायला हवेत, ढोल वाजायला हवेत. कॉम्प्युटरचं बटण दाबून त्यांनी असे शेकडो गोल करून पाहिले होते. आज पहिल्यांदाच खरा चेंडू खऱ्या जाळीत जायचा होता. कॅमेऱ्यात स्टँड अगदीच ओकाबोका दिसू नये म्हणून कर्मचाऱ्यांच्या घरच्यांनाही बोलावलं होतं. पूर्णिमाचा नवरा अमेय रास लफ्फानच्या गॅस प्लँटवर ड्यूटीला होता. पण सासूबाई, शशिकलाबाई, सकाळी नऊपासूनच जांभळी सिल्कची साडी नेसून तयार बसल्या होत्या.

"काय झालं गं?"

"आई, गोल मारणाराच आजारी पडला."

"एवढंच ना? मग आपल्या कामेनला ने की. नाहीतरी दिवसभर अंगणात चेंडूला लाथा मारत असतो बिचारा."

पूर्णिमा कप हातात धरून सासूकडे बघतच राहिली.

कामेन द्रांदारोव त्यांचा शेजारी. एकाच व्हिलाचे चार भाग पाडून भाड्याने दिलेले, त्यातला मागचा त्याचा. बल्गेरियात डॅन्यूब नदीकाठी लोम नावाचं लहानसं बंदर आहे, तिथला तो. तो आठ वर्षांचा असताना त्याचा देश अमेरिकेतल्या वर्ल्ड कपमध्ये थेट सेमीफायनलला पोचला. बापाने त्याला खांद्यावर घेऊन गावभर नाचवलं, आणि तिथून जे पोरगं बिघडलं ते बिघडलंच. एकोणिसाव्या वर्षी तो प्लोवदिवच्या एका क्लबात फॉरवर्ड झाला. डोक्याने गोल मारावा तर त्यानेच, असं लोक म्हणायचे. देशाच्या संघाकडूनही एकदा बोलावणं आलं. शेवटची काही मिनिटं मैदानात उतरला, गोल मारला, शर्ट काढून आनंदाने पळत सुटला, आणि मागे वळून बघतो तर लाइन्समनचा झेंडा वर. ऑफसाइड! गोल गेला, शर्ट काढल्याबद्दलचं पिवळं कार्ड तेवढं राहिलं. पुन्हा बोलावणं आलं नाही. मग सायप्रस, मग तुर्कस्तान, मग कझाकस्तानातला एक क्लब, जिथे मार्चमध्येही मैदानावरचा बर्फ फावड्याने काढावा लागे. असं फिरत फिरत पस्तिसाव्या वर्षी तो मुऐदरला, अल गाफ नावाच्या दुसऱ्या डिव्हिजनच्या क्लबात येऊन पोचला होता. ऑक्टोबरनंतर त्याच्या पायाला गोल लागला नव्हता. कोच त्याला बाकावर बसवायचा, आणि मॅनेजरने विचारून ठेवलं होतं, पुढच्या वर्षी खेळणार की लहान मुलांना शिकवणार? कामेन उत्तर टाळत होता.

शशिकलाबाईंची आणि त्याची ओळख थालीपिठावरून झाली. पहिल्यांदा त्या गरम थालीपीठ घेऊन त्याच्या दारात गेल्या, तर त्याने जोरजोरात मान हलवली. नको म्हणतोय, असं वाटून त्या बशी घेऊन परत फिरल्या. हा पाठोपाठ धावत आला. बल्गेरियात होकाराला मान आडवी हलवतात आणि नकाराला उभी, हे पूर्णिमाने इंटरनेटवर शोधून काढेपर्यंत दोन थालीपिठं गार झाली होती. त्यात परक्यांना कळावं म्हणून तो कधीकधी मुद्दाम उलटं करायचा, त्यामुळे गोंधळ आणखीच वाढायचा. शशिकलाबाईंनी त्यावर सोपा तोडगा काढला. त्या विचारतच नसत, वाढून मोकळ्या होत. तोही पूर्णिमाचं ऐकून त्यांना "आई" म्हणायला लागला होता.

पूर्णिमा मागच्या अंगणात गेली. कामेन भिंतीवर चेंडू मारत होता. तिने इंग्रजीत भराभर सगळं सांगितलं. ऐकून त्याने मान हलवली. आडवी की उभी, ते कळेना; हलली कुठेतरी मध्येच.

"मान नको, कामेन. तोंडाने बोल."

"लुसैलचं स्टेडियम?" तो म्हणाला. "आतलं? गवतावर?"

"गवतावर."

तो चेंडू तिथेच सोडून घरात गेला. पूर्णिमाला वाटलं, दुखावला बहुतेक. हिरमुसून ती गाडीपाशी आली, तर पाठीवर बॅग टाकून, हातात बूट घेऊन तो तिच्याआधीच मागच्या सीटवर येऊन बसला होता. शशिकलाबाई पुढे, मांडीवर डबा.

"यल्ला!" त्या ड्रायव्हिंग सीटवर बसणाऱ्या सुनेला म्हणाल्या. दोह्यात सहा महिन्यांत त्यांनी 'चला' या अर्थाचा एवढा एकच अरबी शब्द उचलला होता आणि तो दिवसातून वीसदा वापरला जायचा.

बोगद्यातून बाहेर पडून कामेन मैदानाच्या कडेला पोचला आणि थबकला. वर सोनेरी कडं, खाली चहूबाजूंनी चढत गेलेल्या हजारो रिकाम्या खुर्च्या. तो खाली बसला आणि त्याने गवतावरून तळहात फिरवला. मग एकदम उठून, बूटही न घालता, पायमोज्यांवरच गोल गोल धावत सुटला. स्टँडमध्ये खुर्च्या पुसणारे नेपाळी, केबल ओढणारे केरळी, कठड्यांना रंग मारणारे बंगाली, सगळे कामं थांबवून हसायला लागले. शशिकलाबाई घरच्यांसाठी राखून ठेवलेल्या ब्लॉकमध्ये पहिल्या रांगेत विराजमान झाल्या.

पूर्णिमा वर कंट्रोल रूममध्ये गेली. शफीकने माइक उघडला. "कामेनभाई, तुमची तयारी झाली की मारा."

पहिला चेंडू खांबाला लागला. दुसरा बारवरून गेला आणि कुठल्याशा खुर्च्यांमध्ये हरवला. तिसरा गोलकीपरने झेप घेऊन अडवला. हा गोलकीपर हाफिज नावाचा उंच सुदानी होता, एका शाळेत खेळ शिकवायचा, आणि त्याला ही तपासणी आहे हे सांगायचंच राहून गेलं होतं. तो जीव तोडून अडवत होता. चौथा अडवला. पाचवाही अडवला आणि हवेत मूठ उगारली.

"अगं, हा तर आपल्याला गोलच होऊ देणार नाही!" शफीक कपाळाला हात लावून म्हणाला. "त्याला सांगू का, एखादा सोड म्हणून?"

पूर्णिमा वॉकीटॉकीवर कामेनशी बोलली. खाली कामेनने कमरेवर हात ठेवले. धापा टाकत तो म्हणाला, "त्याला काही सांगायचं नाही. मी ऑक्टोबरपासून थांबलोय. फुकटचा गोल घेऊन काय करू?"

तेवढ्यात पहिल्या रांगेतून शशिकलाबाईंचा खणखणीत आवाज आला. मैदानाकडे तोंड केलेले सगळे माइक चालू असल्यामुळे तो अख्ख्या स्टेडियममध्ये घुमला.

"अरे कामेन! डोक्याने मार ना रे! पायाने कशाला मारतोस?"

कामेनला त्यातलं अक्षर कळलं नाही. पण शशिकलाबाई दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं बडवून दाखवत होत्या. तो खो खो हसला. त्याने कोपऱ्यात उभ्या असलेल्या नेपाळी गड्याला खूण केली, इकडे ये, चेंडू उंच मार. गड्याने झाडू खाली ठेवला आणि मारला, तोही असा सुरेख, की चेंडू तरंगत तरंगत गोलसमोर आला. कामेन उडाला. हाफिजही उडाला. पण कामेन जास्त वेळ हवेत राहिला, आणि कपाळाचा तो ठण्ण आवाज वरपर्यंत ऐकू आला.

जाळी थरथरली.

क्षणभर कुठेच काही झालं नाही. मग स्टेडियम पेटलं. दिवे लाल-पांढरे धावायला लागले, ढोल कडाडले, टेप केलेल्या ऐंशी हजार लोकांनी एकच आरोळी ठोकली, आणि दोन्ही टोकांच्या महाकाय पडद्यांवर अक्षरं उमटली: कामेन द्रांदारोव. बाजूला बल्गेरियाचा झेंडा. पूर्णिमानेच दुपारी टाइप केलं होतं.

कामेन मान वर करून आपलं नाव वाचत उभा राहिला. मग त्याने शर्ट काढला, डोक्याभोवती गरगरा फिरवला आणि धावत सुटला. नेपाळी गडी त्याच्या मागे. त्याच्या मागे हाफिज, ज्याच्यावर गोल झाला होता तो. रंगवाले कठड्यावर डबे वाजवायला लागले. शफीकने माइकमध्ये असा काही "गोऽऽऽल" लावला की त्याचा घसा बसला.

"दुसरा!" पूर्णिमा ओरडली. "लगेच दुसरा! सिस्टिम गरम आहे तोवर!"

कामेनने लगेच दुसरा मारला, डाव्या पायाने. आणि इथे गंमत झाली. ढोल थांबेचनात, दिवे थांबेचनात, आकडा एकावरच अडकून बसला. पहिल्याचा जल्लोष संपायच्या आत दुसरा गोल झाला की सगळा कारभार गोठत होता. इतक्या महिन्यांत बटणांवर हे कधीच सापडलं नव्हतं, कारण बटण दाबणारा माणूस दमाने दाबतो.

"सापडला!" पूर्णिमाने शफीकचे खांदे धरून त्याला गदागदा हलवलं. "शफीक, बग सापडला!"

"बंद कर ना आधी!"

तिने स्विचवर बोट ठेवलं. खाली पाहिलं. कामेन गुडघ्यांवर घसरत चालला होता, शशिकलाबाई सिल्कचा पदर खोचून खुर्चीवर उभ्या होत्या, आणि टेपवरच्या गर्दीत आता खरी पन्नास-साठ माणसंही बेंबीच्या देठापासून ओरडत होती. पूर्णिमाने बोट उचललं.

"राहू दे थोडा वेळ," ती म्हणाली.

त्या दुपारी कामेनने सात गोल मारले. हाफिजने त्याहून जास्त अडवले, आणि शेवटी दोघं गवतावर पाठ टेकून आकाशाकडे बघत हसत पडले. शशिकलाबाईंनी डबा उघडला. कोणालाही न विचारता सगळ्यांना वाढलं.

परतताना उन्हं उतरत होती. लुसैलच्या समुद्राकाठी गाडी थांबवून चौघांनी करक, म्हणजे तिथला वेलचीचा दाट चहा घेतला. शफीकही सोबत आला होता. कामेनने कप गाडीच्या टपावर ठेवला, फोन काढला आणि क्लबच्या मॅनेजरला लावला.

"कामेन बोलतोय. हो, ठरलं. हा मोसम पुरा खेळणार. बाकावर बसवा, उभं करा, काही करा, मी धावणार. आणि मोसम संपला की खलास. मग मुलं माझ्याकडे द्या. डोक्याने मारायला शिकवतो त्यांना."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं.

"नाही, नाही, प्यायलेलो नाही," कामेन म्हणाला. "चहा आहे."

त्याने फोन ठेवला तेव्हा त्याचे डोळे भरले होते आणि तो हसतही होता.   निघताना हाफिजने भेट दिलेला चेंडू शफीकने डिकीतून काढला आणि पार्किंगच्या फरशीवर टाकला. "चला, काकू. आता तुमची पाळी."

"अरे, मला कुठे येतंय!" असं म्हणत म्हणत शशिकलाबाई चार पावलं मागे सरल्या. पदर खोचला. समोर कामेन दोन्ही हात पसरून गोलकीपर होऊन वाकला.

"यल्ला, आई!"

त्यांनी धावत येऊन अशी सणसणीत लाथ मारली की चेंडू जागचा हललाही नाही, आणि उजव्या पायातली चप्पल मात्र कामेनच्या डोक्यावरून, कठड्यावरून, भिरभिरत थेट समुद्रात गेली.

"माझी चप्पल!" त्या ओरडल्या, आणि लगेच, "गोल झाला का?"

"झाला!" तिघंही एकदम म्हणाले, आणि कामेन कठड्यावर चढून पाण्याकडे बघत शर्टाची बटणं काढायला लागला.