सुपारीच्या डबीतल्या गोळ्या

मी एक जुनी पितळेची सुपारीची डबी आहे. अचलपूरच्या तांबटाने मला ठोकून घडवलं आणि दुर्गाबाईंच्या लग्नात मी हिवरखेडला आले. मित्रांनो, तेव्हा माझा काय तोरा होता! रोडगे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीचं जेवण झालं की त्यांचे यजमान खुशालराव मला पाहुण्यांपुढे फिरवत. माझ्याशिवाय पंगत उठत नसे.

आठ वर्षांपूर्वी खुशालरावांच्या दातांनी दगा दिला. सुपारी गेली आणि माझ्यात ॲसिडिटीच्या गोळ्या आल्या. त्या कोणा डॉक्टरने लिहून दिल्या नव्हत्या. दुर्गाबाईच दुकानातून आणत. खुशालराव रोज सकाळी एक घेत आणि पंगतीतही मला पूर्वीसारखंच फिरवत. "घ्या ना भाऊ, एक गोयी घ्या. मंग भाजी बाधत नाई," असा आग्रह करत. पाहुणे सुपारी उचलावी तशी गोळी उचलत. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मान मिळत होता ना!

पोळ्यानंतर मात्र खुशालराव रोज दोन गोळ्या घेऊ लागले. परसाकडून आले की आजूबाजूला बघून मला हळूच उघडत. गोळ्या घेतल्या की घाईने झाकण लावत. कशामुळे ते मला कळेना, पण मला भीती वाटू लागली.

दिवाळीत त्यांची नात रागिणी आली. आजोबा गोळी काढताहेत हे पाहून ती मोबाईलवर आलेलं सांगू लागली, "आबाजी, ह्या गोयीनं आतड्याचा कॅन्सर होते म्हनतात!"

खुशालरावांच्या हातातली गोळी खाली पडली.

"मले दोन महिने झाले, परसाकडे रक्त पडून राह्यलं," ते पुटपुटले. "भाजीची गर्मी असन म्हटलं. सांगाले लाज वाटे."

"म्याच आनल्या वो त्या गोया!" म्हणत दुर्गाबाई रडू लागल्या. मी आतून गार पडले. आठ वर्षं मी विष सांभाळलं की काय?

दुसऱ्याच दिवशी अकोल्याला डॉक्टरांच्या टेबलावर मला ठेवलं. ते म्हणाले, "या गोळ्यांनी आतड्याचा कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. अभ्यास पुष्कळ झाले, पण त्यांचं एकमत नाही. तरी न विचारता वर्षानुवर्षं खायच्या नाहीत आणि वाटायच्या तर मुळीच नाहीत. मला काळजी रक्ताची आहे. तेव्हाच का नाही आलात?"

खुशालरावांनी मला तिथेच रिकामं केलं आणि दुर्गाबाईंच्या हातात दिलं.

दुर्बिणीच्या तपासणीत आतड्यात गाठ दिसली. तिचा तुकडा तपासायला गेला आहे. रिपोर्ट उद्या येईल. मी रिकामी, दुर्गाबाईंच्या मुठीत घामाने भिजते आहे.

"काई वंगाय नाई निघनार ना?" त्या पुन्हा पुन्हा विचारतात.

मित्रांनो, माझ्यावरचा आळ गेला, भीती गेली नाही. ते दोन महिने त्यांचं लपवणं फक्त मी पाहत होते. तुमच्या घरात कोणी दुखणं लपवत असेल, तुमचंच काही दुखत असेल, तर लाजू नका, त्याच दिवशी सांगा. मी डबी होते, म्हणून गप्प राहिले.