सोमवारची नळी

"पोपटकाका, आता जिना चढायला नको. इथूनच टाकीशी बोलता येतं." नवी मापकं बसवणाऱ्या इंजिनीअर दीपालीने हातातल्या यंत्राच्या दोन वायरी कंट्रोल रूममधल्या, मापकांच्या तारा येणाऱ्या पट्टीला लावल्या. यंत्राच्या पडद्यावर कॉस्टिक सोड्याच्या टाकीचं नाव उमटलं. पातळी बासष्ट टक्के. मापक ठीक.

पोपट ओव्हाळ बघत राहिला. भोसरीच्या त्या कारखान्यात तो सव्वीस वर्षं मापकं सांभाळत होता. स्क्रू फिरवून शून्य जुळवणं हेच त्याचं काम. नव्याण्णव साली ही नवी, स्वतःची खबर स्वतः कळवणारी मापकं आली आणि स्वेच्छानिवृत्तीच्या यादीत त्याचं नाव लागलं. शनिवार शेवटचा.

"हे चुकत नाही कधी?"

"बिघडलं तर स्वतःच सांगतं, काका."

पण खोट मापकात नव्हतीच. टाकीच्या तळाशी, मापकाकडे जाणाऱ्या नळीत कॉस्टिक गोठून बसायचं. मग टाकी भरत राहायची आणि आकडा जागच्या जागी थांबायचा. चौदा वर्षांपूर्वी टाकी अशीच उतू गेली आणि खाली काम करणाऱ्या गेनबा हेल्परच्या दोन्ही पायांची कातडी गेली. तेव्हापासून पोपट दर सोमवारी गरम पाण्याने ती नळी धुवायचा. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं.

कँटीनमध्ये रामदास फिटर म्हणाला, "गप्प बसा पोपटराव, नळीचं कुणाला सांगू नका. दोन महिन्यांत टाकी उतू जाईल. गाडी पाठवून बोलावतील तुम्हाला."

बोलावलं तर हवंच होतं. बिबवेवाडीत घरी मुलीच्या, सोनालीच्या कॉलेजची दोन वर्षं बाकी होती. पण त्या वेळी टाकीखाली कोण उभं असेल, हे काही त्याच्या डोक्यातून जाईना.

शनिवारी त्याने दीपालीला टाकीपाशी नेलं. हातमोजे चढवले, व्हॉल्व्ह बंद केला, पान्याने नळी उघडली. आतून पांढरा खडा निघाला.

"हे पडद्यावर कसं दिसणार?" तिचा आवाज उतरला होता.

"नाही दिसणार. म्हणून तर आणलं तुम्हाला."

तिने यंत्र मापकाला जोडलं. मग म्हणाली, "मापकात निरोप ठेवता येतो. बत्तीस इंग्रजी अक्षरं. पुढे जो कुणी यंत्र जोडेल, त्याला दिसेल."

"लिहा मग. खालची नळी दर सोमवारी धुवा."

तिने बोटांवर मोजत इंग्रजीत लिहिलं. "एकोणतीस झाली. तुमचं नाव घालायचं होतं, काका. मावत नाही."

"सोमवार मावला ना?"

"मावला."

"मग झालं," म्हणत पोपटने पाना पाण्याखाली धरला, पुसला आणि तिच्या हातात दिला.