हाडक्याचा दहावा मणका

मित्रांनो, मी एक जुना सांगाडा आहे. कुत्र्याचा. अंगावर मांस नाही की केस नाहीत, पण ऐट शाबूत आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या काचेच्या कपाटात मी चारही पायांवर उभा असतो. मुलं मला 'हाडक्या' म्हणतात.

जिवंत होतो तेव्हा मी याच शाळेच्या फाटकाशी राहायचो. प्रयोगशाळेची व्यवस्था पाहणारे मामा डब्यातला पहिला घास मला दिल्याशिवाय जेवत नसत. म्हातारपणाने मी गेलो, तेव्हा त्यांनीच मला बागेत पुरलं. दोन वर्षांनी शास्त्राच्या बाईंच्या सांगण्यावरून हाडं बाहेर काढली, धुतली, मणके तारेत ओवले आणि मला फळीवर उभं केलं. पाठीत एका जागी फट राहिली. तिथे त्यांनी खिडकीच्या काचांना लावतात ती लांबी भरून टाकली.

मग मी शिकवायला लागलो. माझ्या मानेत सात मणके आहेत. तुमच्याही मानेत सातच, आणि त्या उंच जिराफाच्याही सातच! मागच्या पायाकडे बोट दाखवून दरवर्षी कुणीतरी ओरडतं, "बाई, याचा गुडघा उलटा आहे!" बाई हसतात. "अरे, ती टाच आहे. हा जन्मभर चवड्यांवर चालला." असं कौतुक होत होत सव्वीस वर्षं गेली.

यंदा तार गंजली. मामांनी मला सोडवलं, प्रत्येक हाडावर पेन्सिलीने नंबर घातला आणि नव्या मावशींना म्हणाले, "जरा पुसून ठेवा." मावशींना कामावर येऊन महिनाही झाला नव्हता, नोकरी अजून कच्ची होती. त्यांनी मन लावून, साबण लावून मला असं घासलं की मी लख्ख झालो आणि नंबर पाण्याबरोबर मोरीत गेले.

मुख्याध्यापकांनी टेबलावरचा ढीग पाहिला आणि कपाळाला हात लावला. "सोमवारी प्रात्यक्षिक परीक्षा आहे. तोवर हा उभा राहिला नाही, तर पोत्यात भरा, प्लास्टिकचा आणू. आणि मावशी, तुमचाही विचार करावा लागेल."

मावशींचा चेहरा उतरला. माझी तर हाडंच हाडं झाली होती, मी काय बोलणार?

शनिवारी दोघं कामाला बसले. मामांनी माझा जुना फोटो समोर ठेवला. मावशी आधी कपड्यांच्या कारखान्यात बटणं निवडायच्या, त्यामुळे त्या फोटोकडे न बघता एकेक मणका दुसऱ्याला लावून पाहत होत्या. बरगड्यांच्या खाचा असलेले तेरा मणके त्यांनी ओळीने मांडले आणि थबकल्या.

"मामा, यांची वरची टोकं बघा. सगळी शेपटीकडे झुकलीत. मग हा एक ताठ, आणि त्याच्यानंतरचे डोक्याकडे झुकलेत. पण तुमच्या फोटोत ताठ मणक्यानंतर परत एक शेपटीकडे झुकलेला आहे."

"फोटोत आहे तेच बरोबर," मामा तडकले. "तुम्ही काल आलात. याला मी हाताने खाऊ घातलंय."

"तुम्ही लावलंय ते प्रेमानेच हो. पण हा मणका तिथे बसत नाही."

फोटोत त्या तेरांतले जे दहावा आणि अकरावा होते, त्यांची मावशींनी अदलाबदल केली. टक्! फट नाही, लांबीची गरज नाही. मामांनी त्या जोडावरून बोट फिरवलं. मग त्यांनी तो फोटो पालथा घातला आणि तारेचं टोक मावशींच्या हातात दिलं.

सोमवारी मुख्याध्यापक आले. "वा मामा! म्हणतात ना, जुनं ते सोनं!"

मी श्वास रोखला असता, पण नुसत्या पिंजऱ्याने रोखणार तरी काय? मावशी खाली मान घालून उभ्या होत्या. मामांनी त्यांना पुढे बोलावलं.

"साहेब, मी सव्वीस वर्षं मुलांना चुकीची पाठ दाखवली. ती मावशींनी सरळ केली. मी दोन महिन्यांनी निवृत्त होतोय, पण यांना जाऊ देऊ नका."

मावशी राहिल्या. मीही राहिलो.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. आम्हा जुन्या हाडांना सांभाळून हाताळा, फळीला धरून उचला. आणि आपली चूक दुसऱ्याने दाखवली, तर त्याच्यावर भुंकू नका. भुंकण्यातलं मला जरा जास्त कळतं.

त्या दिवशी सगळे गेल्यावर मामांनी कपाट उघडलं. मानेपासून शेपटीपर्यंत माझ्या पाठीवरून हात फिरवला, दहाव्या मणक्यापाशी थांबले आणि हळूच म्हणाले, "इतकी वर्षं दुखलं असेल रे तुला."

मला जीभ नाही, मित्रांनो. नाहीतर मी त्यांचा हात चाटला असता.